चावट म्हातारी आणि लपवलेला कॅमेरा

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणं उरकली असतील. भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ, ती कुठं पळून जात नाहीत. ज्या रानात आहेत त्यांनी मोबाइलचा आवाज जरा मोठा करा आणि बांधावर बसा.

मागच्या वेळी मी दुधाच्या फॅटवर बोलले होते. बऱ्याच जणींचे फोन आले, त्यातले निम्मे भांडायलाच आले होते. आज भांडणाचा विषय नाही, निदान मला तसं वाटतं. आज मी एका म्हातारीबद्दल बोलणार आहे. ही म्हातारी आयर्लंड देशातली, डब्लिन शहरातली. चष्मा लावते, दुकानांत हिंडते आणि तोंडाची फार चावट. पण ती खरी म्हातारी नाही. खरं तर ती बाईच नाही. तिची ओळख आमच्या घरात कशी झाली ते आधी सांगते, कारण त्याच्यामागे एक दुखणं आहे.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दर सोमवारी बाजाराला बसतात. मेथी, शेपू, कोथिंबीर, घरची अंडी. वय सत्तरीच्या पुढं, पण हिशेबाला पक्क्या. तर गेल्या पावसाळ्यात एक पोरगा त्यांच्या पुढ्यात येऊन बसला. हातात छोटा माईक. म्हणाला, "आजी, तुमच्या कोथिंबिरीचा पासवर्ड काय?" आत्यांना वाटलं, पोरगा भावच विचारतोय, शहरात नवीन शब्द निघाला असेल. त्या म्हणाल्या, "पासवर्ड न्हाई लेकरा, पावशेर हाय." त्यानं विचारलं, "मग ही मेथी डाउनलोड कशी करायची?" आत्या म्हणाल्या, "पिशवी आणलीस का?"

त्याचा जोडीदार शेजारच्या काकड्यांच्या ढिगामागं मोबाइल धरून बसला होता. संध्याकाळी तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या ग्रुपवर होता.

खरं सांगते, मीही हसले. स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा बघितला आणि पदर तोंडाला लावून हसले. आत्यांना पहिल्या दिवशी काही वाटलं नाही, त्याही हसल्या. मग एसटीत कुणीतरी म्हणालं, "पासवर्ड आजी आल्या." दळणाच्या गिरणीत म्हणालं. देवळात म्हणालं. पुढचे चार सोमवार आत्या बाजाराला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे तर दहा वर्षं दुखतायत. त्या चार सोमवारी भाजी मी घेऊन बसले, आणि एका सोमवारी तर अर्धी मेथी सुकवून परत आणली, कारण गिऱ्हाईक आत्यांचं होतं, माझं नव्हतं.

दिवाळीत माझी भाची आली, नणंदेची लेक. ती आयर्लंडमध्ये नर्स आहे. आपल्या देशातल्या कितीतरी मुली तिथल्या दवाखान्यांत काम करतात, तशीच ही. आजी गप्प गप्प का, म्हणून तिनं विचारलं, मी हळूच सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मामी, तिकडं हा सगळा उद्योग टीव्हीवर चालायचा. थांब, दाखवते." आणि तिनं मोबाइलवर ती म्हातारी दाखवली.

आता त्या कार्यक्रमाविषयी. आयर्लंडमध्ये आरटीई म्हणून सरकारी प्रसारणसंस्था आहे, आपल्या आकाशवाणी-दूरदर्शनसारखी. तिच्या दुसऱ्या वाहिनीवर २००५ ते २००७ या काळात 'नेकेड कॅमेरा' नावाचा कार्यक्रम लागायचा. नाव ऐकून दचकू नका, उघडंनागडं त्यात काही नव्हतं. कॅमेरा लपवून ठेवायचा, एक विनोदी नट वेष घेऊन लोकांत मिसळणार, आणि लोकांना वाटणार की समोरचा माणूस खराच आहे. तीन मुख्य कलाकार होते. पॅट्रिक मॅकडॉनेल, मेव्ह हिगिन्स नावाची तरुणी, आणि पीजे गॅलाघर. हा गॅलाघर दोन सोंगं फार गाजवायचा. एक जेक स्टीव्हन्स, गोड बोलून अंगाला चिकटणारा, समोरच्याला सळो की पळो करून सोडणारा डब्लिनचा पोरगा. आणि दुसरं सोंग म्हणजे आपली म्हातारी. तिचं नाव 'डर्टी आउल वन'. 'आउल वन' हे डब्लिनच्या बोलीत म्हातारीला म्हणतात, थेट आपल्या 'म्हातारडी'सारखं. म्हणजे चावट म्हातारडी.

ती काय करायची? साधं काम. दुकानात जायची, काउंटरवरच्या माणसाशी गोड आवाजात बोलायला सुरुवात करायची, आणि दोन वाक्यांत बोलणं अशा वळणावर न्यायची की त्या बिचाऱ्याचे कान लाल. वस्तूची चौकशी करता करता वस्तूबद्दल बोलतेय की दुसऱ्याच कशाबद्दल, हे त्याला कळेना. हसावं तर म्हातारीचा अपमान, रागवावं तर आईच्या वयाची बाई, आणि निघून जावं तर दुकान त्याचंच. मी रेडिओवर ती वाक्यं सांगणार नाही. तुम्ही हळदीला नवऱ्या मुलीभोवती जे बोलता त्याच जातीची होती, एवढं म्हणते. आलं ना ध्यानात?

भाची ओळीओळीला अर्थ सांगत होती, सांगताना तीच लाजत होती. आत्या मात्र चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आणि हसता हसता थांबून म्हणाल्या, "त्या दुकानदाराला मागनं सांगितलं का?"

म्हणजे? म्हटलं, काय सांगितलं?

"की ही म्हातारी खोटी हाय म्हणून. त्याला इचारलं का, दाखवू का समद्यांना म्हणून?"

बायांनो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यानंतर मी भाचीच्या मागं लागले आणि तिनं मला पुष्कळ सांगितलं, काही मी स्वतः शोधून वाचलं.

हा लपवलेल्या कॅमेऱ्याचा खेळ सुरू कुठून झाला माहीत आहे? टीव्हीवर नाही, रेडिओवर. ऐकून मला फार बरं वाटलं. अमेरिकेत अॅलन फंट नावाचा माणूस होता. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता आणि सैनिकांची बोलणी रेकॉर्ड करायचा. पण यंत्रावरचा लाल दिवा लागला की सैनिक गप्प व्हायचे, नाहीतर पोपटासारखे बोलायचे. तेव्हा त्यानं काय केलं, दिव्याची तारच काढली आणि गुपचूप रेकॉर्ड करायला लागला. युद्ध संपल्यावर १९४७ साली त्यानं रेडिओवर 'कँडिड मायक्रोफोन' हा कार्यक्रम सुरू केला, लपवलेल्या माईकचा. दुसऱ्याच वर्षी तो टीव्हीवर गेला आणि माईकचा कॅमेरा झाला.

लाल दिव्याचं मात्र अगदी खरं आहे. आमच्या या खोलीतही आहे तो. बाहेर ओट्यावर बसून नवऱ्याच्या, जावेच्या, सरपंचाच्या नकला करणारी बाई आत आली आणि दिवा लागला की म्हणते, "माझे नाव अमुक अमुक, मी बचत गटाची सदस्य आहे." आवाजच बदलतो. दिव्याची तार काढावी असं मलाही कैकदा वाटलेलं आहे. काढली नाही, पण वाटलं.

आयर्लंडमध्ये हा खेळ 'नेकेड कॅमेरा'च्या बराच आधी पोचला होता. १९७९ ते १९८२ या काळात माइक मर्फी नावाच्या गृहस्थाचा 'द लाइव्ह माइक' हा कार्यक्रम लागायचा, त्यात लपवलेल्या कॅमेऱ्याचे प्रसंग असायचे. त्यातला एक आजही तिकडं लोक आठवणीनं सांगतात. गे बर्न हा आयर्लंडच्या टीव्हीवरचा सगळ्यात मोठा माणूस. 'लेट लेट शो' हा त्याचा गप्पांचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि १९९९ पर्यंत त्यानं तो चालवला, सदतीस वर्षं. तर हा गे बर्न डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कॅमेऱ्यासमोर उभा राहून काही बोलत होता. आणि माइक मर्फी फ्रेंच माणसाचा वेष घेऊन पुन्हा पुन्हा मधे मधे कडमडायला लागला. गे बर्न आधी सभ्यपणे बोलला. मग थोडा तिखट झाला. मग पाराच चढला. शेवटी मर्फीनं सोंग उतरवलं, आणि त्या थोर सभ्य माणसाच्या तोंडून जो शब्द गेला तोही टीव्हीवरून देशानं ऐकला.

मला हा प्रसंग आवडला, आणि का आवडला ते लगेच कळलं. तिथं ज्याची टोपी उडाली तो देशातला सगळ्यात मोठा माणूस होता. उद्या त्याला कुणी रस्त्यात हसलं तर त्याचं काय बिघडणार? आणि माइक मर्फी त्याच्याच धंद्यातला, ओळखीचा. बरोबरीच्यांची थट्टा. काकड्यांमागं लपलेल्या पोराची आणि माझ्या आत्यांची बरोबरी कुठं आहे?

पुन्हा म्हातारीकडं येते. मला प्रश्न पडला होता की त्या म्हातारीला तिथले लोक एवढे का हसायचे. आपण हसलो ते ठीक, आपण बाहेरच्या. भाची म्हणाली, "मामी, तिथल्या म्हाताऱ्या कशा असतात, कशा होत्या, ते कळल्याशिवाय तुला ते हसू कळणार नाही." मग तिनं सांगायला घेतलं आणि रात्रीचा एक वाजला.

आयर्लंड हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा देश. बायकांवर चर्चचा शब्द चालायचा. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची, असा नियमच होता, तो १९७३ मध्ये उठला. कुटुंब नियोजनाची साधनं विकायला आणि बाहेरून आणायला १९३५ पासून कायद्यानं बंदी. मूल किती हवं हे बाईनं ठरवायचं नाही, आणि त्याबद्दल बोलायचं तर नाहीच नाही. १९७१ च्या मे महिन्यात काही बायकांनी एक धाडस केलं. त्या डब्लिनहून आगगाडीत बसून बेलफास्टला गेल्या. बेलफास्ट आहे त्याच बेटावर, पण तिथं ब्रिटनचा कायदा चालतो आणि ही साधनं दुकानात मिळतात. तिथून ती विकत घेऊन त्या परत आल्या आणि डब्लिनच्या स्टेशनावर जकात अधिकाऱ्यांसमोर खुशाल उंच धरून दाखवली. नेल मॅकॅफर्टी नावाची पत्रकार बाई त्यांच्यात पुढं होती. गंमत ऐका, त्यांना गर्भनिरोधक गोळ्या हव्या होत्या, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बेलफास्टलाही मिळेनात. मग त्यांनी डोकेदुखीच्या अॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या आणि त्याच दाखवल्या. जकातीवरच्या पुरुषांना काय कळतंय, कोणती गोळी कसली ते! कुणाला अटक झाली नाही. तरीही अठरा वर्षांवरच्या माणसाला निरोध चिठ्ठीशिवाय मिळायला १९८५ उजाडलं. आणि घटस्फोट? १९९५ मध्ये सगळ्या देशानं त्यावर मतदान केलं आणि दहा हजारांहूनही कमी मतांच्या फरकानं तो मंजूर झाला.

बोलण्याची तऱ्हा कशी होती तेही ऐका. १९६६ मध्ये गे बर्नच्याच कार्यक्रमात नवरा-बायकोचा एक खेळ होता. एकमेकांना किती ओळखता, अशा धाटणीचा. एका बाईला विचारलं, लग्नाच्या रात्री तुमच्या गाऊनचा रंग कोणता होता? ती सहज बोलून गेली की कदाचित गाऊन घातलाच नसेल. लोक हसले. पण एका बिशपना तो कार्यक्रम भारी लागला. त्यांनी निषेध केला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, प्रसारणसंस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. एका गाऊनवरून! 'बिशप आणि नाइटी' या नावानं ते प्रकरण तिकडं आजही ओळखलं जातं.

आता हिशेब करा. २००५ मध्ये जी बाई सत्तर वर्षांची, ती १९३५ सालची. म्हणजे बंदीचा कायदा आला त्याच वर्षी जन्मलेली. गाऊनचं प्रकरण झालं तेव्हा एकतीस वर्षांची, आगगाडी बेलफास्टला गेली तेव्हा छत्तिशीची, कडेवर तिसरं-चौथं मूल. सगळं आयुष्य तोंड मिटून काढलेली. अशी बाई अचानक दुकानात उभी राहून, भर दिवसा, मनात येईल ते बोलायला लागली तर? दुकानदाराची भंबेरी उडते ती म्हणून. तो समोरच्या बाईत आपली आजी बघतोय, आणि आजी जे बोलतेय ते आजी कधीच बोलणार नाही अशी त्याला खात्री आहे.

हे कळल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला आणि मला तितकं हसू आलं नाही. वाईट वाटलं असंही नाही. पण मनात आलं, ते बोलायला तिथंही पुरुषानं लुगडं नेसावं लागलं. लुगडं म्हणजे झगा, तुम्ही समजून घ्या.

तिकडं ही रीतच आहे म्हणा. ब्रेंडन ओ'कॅरल म्हणून नट आहे, तो 'मिसेस ब्राउन' नावाची फटकळ आई होतो. डब्लिनची, पोरांची लटांबर असलेली, सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारी. तीही आधी रेडिओवरच आली, १९९२ मध्ये, पुढं टीव्हीवर जगभर गाजली. आणि या ओ'कॅरलची खरी आई कोण होती? मॉरीन ओ'कॅरल. अकरा मुलांची आई, हा तिचा शेंडेफळ. आणि १९५४ मध्ये ती निवडून येऊन आयर्लंडच्या संसदेत बसली होती, मजूर पक्षाची तिथली पहिली बाई. महागाईविरुद्ध लढणारी. तिच्यावर टीव्हीला मालिका निघाली का, मला माहिती नाही, पण मिसेस ब्राउनवर निघाली. असो, हे माझं उगीच.

आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? तमाशातली मावशी आठवा. गवळणीत कृष्ण आडवा येतो तेव्हा गवळणींच्या पुढं होऊन त्याच्याशी हुज्जत घालते ती. मावशी नेहमी पुरुष. पदर सावरत, कंबर मोडत, सगळ्यात झोंबरं बोलणार तीच. आणि बहुरूपी आठवतात का? माझ्या लहानपणी खाकी कपडे, काठी, खांद्यावर फित, असा फौजदार दारात यायचा आणि गरजायचा, "चला, लग्नाला बोलावलं नाही म्हणून वॉरंट आहे तुमच्या नावाचं!" आम्ही पोरं चुलीमागं लपायचो. आजोबा मात्र ओळखायचे आणि उलट म्हणायचे, "साहेब, आधी चहा घ्या, मग बेड्या घाला." लपवलेला कॅमेरा सोडला तर खेळ तोच. फक्त बहुरूपी शेवटी हात पुढं करायचा, पायली-अर्धी पायली धान्य घ्यायचा आणि आशीर्वाद देऊन जायचा. घाबरलेल्याला तिथंच, त्याच ओट्यावर कळायचं की आपण फसलो. आणि बघणारे कोण? घरचे आणि शेजारचे चार. दुसऱ्या गावाला ती गोष्ट जायची नाही.

आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर भाचीनं असं दिलं, की टीव्हीच्या अशा कार्यक्रमांत प्रसंग संपल्यावर माणसाला खरं काय ते सांगतात आणि एका कागदावर सही घेतात. सही नसेल तर तो प्रसंग दाखवत नाहीत, नाहीतर चेहरा पुसट करतात. आत्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समोर चार माणसं हसत हुबी असताना सही नको म्हणंल कोण?" मीही तेच म्हणते. कर्जाच्या कागदावर साहेब घाईत आहेत म्हणून सह्या केलेल्या आपण सगळ्या आहोत. तरीपण कागद पुढं आला, म्हणजे निदान एकदा तरी विचारलं. नाही म्हणायला तोंड होतं.

आणि एक फरक मला त्या म्हातारीच्या बाबतीत दिसला. तिथं वेडेपणा कोण करतंय? गॅलाघर स्वतः. चष्मा त्याचा, झगा त्याचा, चावटपणा त्याचा. दुकानदार बिचारा शहाणपणानं वागायचा प्रयत्न करतोय. बघणाऱ्याला त्याची दया येते, तो मूर्ख वाटत नाही. आत्यांच्या व्हिडिओत पोरगा शहाणा होता आणि आत्यांना वेडं ठरवलं होतं. 'पासवर्ड' हा शब्द माहीत नसणं हा काय गुन्हा आहे? त्याला विचारा, पावशेर म्हणजे किती ग्रॅम. शेपू आणि बडीशेपेचं रोप पुढ्यात ठेवा आणि ओळख म्हणा.

हा गॅलाघर मुळात दत्तक घेतलेला मुलगा. त्याच्या आईनं मनाच्या आजाराचे रुग्ण, इस्पितळातून आलेले पुरुष, घरात राहायला ठेवून घेतले होते, आणि तो त्यांच्यातच वाढला. त्यावर त्यानं मोठेपणी 'मॅडहाउस' नावाचं पुस्तक लिहिलं. सकाळचा कार्यक्रम त्यानं रेडिओवरही केला. ज्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज वेगळंच जग बसलेलं, त्याला सोंग घेणं जमलं नसतं तर नवल. हे सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, "आई मोठी बाई असंल त्याची." गॅलाघरबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. काढावा की नाही, रात्रभर विचार केला, कारण त्या पोराची आई आमच्याच गटात आहे आणि आमच्याच रांगेत बसते. एक जण म्हणाली, त्यात एवढं काय, हसण्यासारखंच होतं. दुसरी म्हणाली, तुझ्या सासूचा टाकला असता म्हणजे? ती म्हणाली, माझी सासू बोलतच नाही. त्यावर सगळ्या हसल्या आणि विषय तिथंच विरला असता. तेवढ्यात त्या पोराची आई खाली मान घालून म्हणाली, "मी त्याला मारलं." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आत्या म्हणाल्या, "मारायला कशाला गेलीस, सांगायचं व्हतंस."

कायद्याचं कुणीतरी विचारलं, म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. बाईचे अंघोळीचे, कपडे बदलतानाचे, असे खासगी क्षण चोरून बघणं किंवा त्यांचे फोटो-व्हिडिओ काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जुन्या कायद्यात ते ३५४-क होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलमही आहे, शरीराच्या खासगी भागाचे फोटो परवानगीशिवाय काढणं, पसरवणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असं काही कुणाच्या बाबतीत झालं तर गप्प बसू नका, पुरावा पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. पण बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या आजीला कुणी पासवर्ड विचारला, तर ही दोन्ही कलमं लागत नाहीत. तिथं फौजदार येणार नाही, खराही नाही आणि बहुरूपीही नाही.

पोरगा नंतर घरी आला. आईनं पाठवलं की स्वतः आला, देव जाणे. ओट्याच्या कडेला बसला, मोबाइल काढला, आत्यांच्या समोर व्हिडिओ पुसला. आत्यांनी विचारलं, "आता कुठंच न्हाई का?" तो गप्प. कारण तो शंभर जणांच्या मोबाइलमध्ये होता, माझ्याही. मी त्याच्यासमोरच माझ्यातला पुसला. पोराला चहा दिला. जाताना तो म्हणाला, आजी, माफीचा एक व्हिडिओ करू का? आत्या म्हणाल्या, "आता पुन्यांदा क्यामेरा आनलास तर बघ."

पाचव्या सोमवारी आत्या बाजाराला बसल्या. मी लांबून बघत होते. एक बाप्या आला, दात काढत म्हणाला, काय पासवर्ड आजी, कोथिंबीर कशी? आत्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पावशेर धा रुपये. नाव घेतलं तर पंधरा." त्यानं पंधरा दिले. तेव्हापासून दोन-तीन जण मुद्दाम नाव घेऊन पंधरा देऊन जातात, आणि वरचे पाच आत्या वेगळ्या पुरचुंडीत बांधतात. गटाच्या वहीत तिची नोंद नाही, मी विचारलंही नाही.

हे सगळं आज मी रेडिओवर बोलले ते त्यांना सांगून. काल रात्री हा कागद त्यांना पूर्ण वाचून दाखवला. आयर्लंडच्या आगगाडीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. माझ्या लग्नातली त्यांची एक गोष्ट मी मधे घातली होती, मला ती फार आवडते. त्या म्हणाल्या, तेवढी काढ. म्हणून ती काढली.

पुढच्या बुधवारी याच वेळेला आपल्या गटातल्या दोघी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलणार आहेत. प्रश्न असतील तर सोमवारपर्यंत चिठ्ठीवर लिहून केंद्राच्या पेटीत टाका.